घडीबाईंचा थकवा

बाइंडिंगखान्यात सगळ्यात कमी आवाज घडीबाईंच्या टेबलाचा. खालच्या मजल्यावर छपाईची यंत्रं धडधडत असायची, पलीकडे कापणीयंत्राचं पातं दर मिनिटाला धाडकन खाली यायचं, टाचणवाली तिच्या मशीनशी भांडत बसलेली असायची, आणि त्यांच्या कोपऱ्यात नुसती सर्र, सर्र. छापून आलेला मोठा कागद पुढ्यात ओढायचा, कोपऱ्याला कोपरा लावायचा, हाडाची पट्टी एकदाच फिरवून घडी बसवायची, कागद वळवायचा, दुसरी घडी, पुन्हा वळवायचा, तिसरी घडी. सोळा पानांचा फर्मा तयार. तासाला अडीचशे. मालकांनी घडी घालायचं यंत्र आणलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाईंची आता सुट्टी. पण ते यंत्र जाड कागदाला कोपऱ्यात सुरकुती पाडायचं. तेव्हा जाड कागद, नाजूक कागद आणि घाईची कामं बाईंकडेच राहिली, आणि ‘घडीबाई’ हे नावही.

मी त्याच मजल्यावर खिडकीशी बसून प्रूफं वाचायचो. सतरा वर्षं आमच्या टेबलांमध्ये पाच-सहा पावलांचं अंतर होतं. मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते पाच-सहा पावलांवरून मला दिसायला हवं होतं. दिसलंही होतं थोडंसं. कळलं नाही.

बाईंचं आजारपण जुनं होतं. मुलीच्या जन्माच्या वेळी त्यांचं फार रक्त गेलं होतं आणि तीन बाटल्या रक्त चढवून जीव वाचवला होता. त्या काळी रक्ताची तपासणी आजच्याइतकी कडक नव्हती. त्या तीन बाटल्यांपैकी कुठल्या तरी एकीतून एक विषाणू आत आला आणि पंचवीस वर्षं लिव्हरमध्ये बिनबोभाट राहिला. मुलगी वाढली, शिकली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, आणि मग एकदा बाईंचे पाय सुजले. तपासण्या झाल्या. लिव्हर जून झालं होतं, आतून व्रणांनी आक्रसलं होतं.

लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत एकच प्रश्न येतो. बाईंनी आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं. त्यांचे यजमान मात्र तीस वर्षं ट्रक चालवत होते आणि खेप संपली की दोन ग्लास घेत होते. बाई हसून सांगायच्या, “पिणार हे आणि लिव्हर माझं. देवाकडेसुद्धा पत्ते चुकतात.” त्या हसायच्या, पण ट्रकवाल्यांना ते लागलं. रोग कळला त्या दिवसापासून त्यांनी बाटली बंद केली. शपथ नाही, घोषणा नाही. कपाटातला त्यांचा ग्लास दाढीच्या ब्रशासाठी मोरीत गेला, एवढंच बाईंना दिसलं.

पुढे विषाणूवर चांगली गोळी निघाली. तीन महिने घेतली आणि विषाणू गेला. सगळ्यांना वाटलं, सुटलो. मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आग विझली आहे, पण जळालेलं जळालंच. लिव्हरवरचे व्रण राहणार, दर तीन महिन्यांनी दाखवायला यावं लागणार. हे मोठे डॉक्टर म्हणजे शहरातल्या सरकारी रुग्णालयातले लिव्हरचे प्रमुख. माणूस भला, हुशार, पण बाहेरच्या बाकावर सत्तर जण. प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं यायची, आणि त्यातलं एक मिनिट फाइल शोधण्यात जायचं.

थकवा नेमका कधी सुरू झाला, हे बाईंना कधीच सांगता आलं नाही. ताप कसा, अमुक दिवशी संध्याकाळी आला असं म्हणता येतं. थकव्याला तारीख नसते. आधी त्या जिन्याच्या मधल्या कठड्याशी थांबू लागल्या. चप्पल सारखी केल्याचं निमित्त करायच्या. मग घडी घालताना उभ्या राहायच्या त्या स्टुलावर बसू लागल्या. मग केस विंचरताना हात वर धरवेनात, म्हणून त्यांनी केस खांद्यापर्यंत कापून टाकले. टाचणवाली म्हणाली, “काय बाई, या वयात फॅशन?” बाई म्हणाल्या, “हो तर, आता नाही तर कधी?” तासाला अडीचशेवरून त्या पावणेदोनशेवर आल्या. मालक काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत, याचंच बाईंना जास्त वाटलं.

घरी त्या भांडं घासायला उचलायच्या आणि ते हातात धरूनच उभ्या राहायच्या. ट्रकवाले मागून येऊन भांडं काढून घ्यायचे. तीस वर्षं ज्या माणसाने घरात कप विसळला नव्हता तो आता कणीक मळायला शिकला होता. मुलीचा रोज फोन यायचा. ती पहिलं वाक्य विचारायची, “आई, आज कसं?” आणि बाई म्हणायच्या, “कालच्यासारखंच.” यात खोटंही नव्हतं आणि सांगण्यासारखंही काही नव्हतं.

आणि सगळ्यांकडे या थकव्याचं एकच उत्तर होतं. लिव्हर. पाय दुखतात, लिव्हर. धाप लागते, लिव्हर. चेहरा उतरलाय, लिव्हर. एकदा एक मोठं कारण सापडलं की माणसं बाकीची कारणं शोधत नाहीत. जो चोर आधीच तुरुंगात आहे त्याच्याच नावावर पुढच्या चोऱ्याही मांडाव्यात, तसं. बाईही त्यातल्याच. त्या मला म्हणायच्या की यंत्र जुनं झालं की जास्त वीज खातं आणि काम कमी देतं, त्यात तक्रार कसली करायची.

रक्त कमी होत होतं, हे दिसत होतं. हिमोग्लोबिन साडेअकरावरून साडेनऊवर आलं, मग साडेआठच्याही खाली. मोठ्या डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं असं नाही. त्यांनी लोहाचा साठा तपासायला सांगितला. रिपोर्टवर आकडा आला एकशे बारा. त्याच्यापुढे ‘सामान्य’ असं छापलेलं, धोक्याची चांदणी नाही, ठळक अक्षर नाही. डॉक्टर म्हणाले, “लोह भरपूर आहे. लिव्हरच्या दुखण्यात रक्त थोडं कमी राहतंच. लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नका, जास्तीचं लोह लिव्हरला घातक.” ट्रकवाल्यांनी तो रिपोर्ट फाइलमध्ये नीट लावला. बाईंचा तर सगळा जन्मच छापील कागदात गेलेला. त्यांनी त्याच्याशी हुज्जत घातली नाही.

याच सुमारास खळीचं सुरू झालं.

बाइंडिंगची खळ म्हणजे मैदा पाण्यात शिजवून केलेली चिकट लापशी. किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद टाकतात. ते विष असतं, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ते बजावलं जातं. खळ लावण्याचं काम घडीबाईंचं नव्हतंच. पण एके दिवशी पलीकडचा माणूस आला नव्हता म्हणून त्या पुठ्ठ्याला खळ लावायला बसल्या आणि तो वास नाकात शिरताच त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. बाई स्वतःवरच चमकल्या. दुसऱ्या दिवशी तसंच. आठवड्याभरात अशी पाळी आली की खळीशिवाय दुसरं काही सुचेना. जेवण समोर आलं की दोन घास, आणि मन त्या पांढऱ्या भांड्यात.

तरी भान सुटलं नव्हतं. मोरचूद घातलेल्या खळीला त्यांनी कधी जीभ लावली नाही. घरी, ट्रकवाले बाजारात गेले की, चार चमचे मैदा साध्या पाण्यात शिजवायच्या, थाळीत पसरून वाळवायच्या आणि त्याचे पापुद्रे एका जुन्या पावडरच्या डब्यात भरून कामावर आणायच्या. फर्म्यांच्या थप्पीआड तोंडात टाकायच्या. माझ्या टेबलावरून दिसायचं की बाई काहीतरी चघळतायत आणि ओठाच्या कोपऱ्याला पांढरं लागलंय. मला वाटलं, औषधाची गोळी असेल. एकदा मी विचारलंही. त्या म्हणाल्या, “हो, पोटासाठी.” मी परत प्रुफात डोकं घातलं. दुसऱ्याच्या ओळीतली चूक शोधायचा माझा धंदा, आणि समोरची सुटली.

वर्षभर त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. चोरी नव्हती, पाप नव्हतं, पण पन्नाशी उलटलेल्या बाईने खळ खावी हे त्यांना स्वतःलाच सांगवत नव्हतं. तो डबा त्यांनी बारुदाच्या डब्यासारखा जपला.

सापडला तो ट्रकवाल्यांना. पिशवी धुवायला काढली आणि डबा खाली पडून उघडला. पापुद्रे फरशीवर पसरले. त्यांनी एक उचलून वास घेतला, जिभेला लावला. मग बाईंना विचारलं, आणि बाई खोटं बोलण्याइतक्याही ताज्यातवान्या नव्हत्या. त्यांनी सांगून टाकलं.

ट्रकवाले पापुद्रे तसेच फरशीवर सोडून घाबरून खुर्चीत बसले. कारण डॉक्टरांनी त्यांना मागेच एक इशारा दिला होता. लिव्हर फार बिघडलं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाते आणि माणूस विचित्र वागू लागतो; दिवस-रात्र उलटी होते, मीठ समजून साखर घालतो, भलतंच काही खातो. असं दिसलं तर बाई रोज थोडं घेत होत्या ते गोड, घट्ट औषध वाढवायचं, पोट साफ ठेवायचं आणि लगेच यायचं. ट्रकवाल्यांच्या डोक्यात दोन अन् दोन चार झाले. बायकोचं डोकं जायला लागलंय.

त्यांनी मुलीला फोन केला. ती रडली आणि मग बापाला हुकूम सोडला की औषध आजपासून दुप्पट; रुग्णालयात जायला मात्र बाई तयार होईनात. ट्रकवाल्यांची नजर बदलली, मुलीचा फोनवरचा सूर बदलला. त्या म्हणाल्या की मी ठीक आहे, तर दोघांना वाटलं की असं म्हणणं हेच त्याचं लक्षण. आज वार कोणता, असं ट्रकवाले सकाळ-संध्याकाळ विचारायचे. एकदा बाईंनी वैतागून सांगितलं, “काल होता त्याच्या पुढचा.” त्या उत्तराने ते आणखीच घाबरले. दुप्पट औषधाने दिवसातून सहा-सात वेळा पोट जायचं. आधीच अंगात बळ नव्हतं, उरलंसुरलं तेही गेलं. दहा दिवसांनी मोरीच्या दारात त्यांना भोवळ आली आणि ट्रकवाल्यांनी रिक्षा बोलावली.

मोठे डॉक्टर महिन्याभराच्या रजेवर होते. त्यांच्या खुर्चीत दुसऱ्या विभागातून आलेल्या एक डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि बोलताना पेनाचं टोपण काढायची-लावायची सवय. ट्रकवाल्यांनी सगळं एका दमात सांगितलं. बायको खळ खाते, डोकं बिघडलंय, दाखल करून घ्या.

डॉक्टरीणबाईंनी आधी बाईंना दोन्ही हात पुढे करून पंजे वर धरायला लावले, गाडी थांबवताना धरतात तसे. पंजे थरथरले नाहीत. मग एक कागद दिला. त्यावर एक ते पंचवीस आकडे गोलांमध्ये विखुरलेले होते. ते क्रमाने रेषेने जोडायचे. डोकं मंद झालेल्या माणसाला ते जमत नाही, वेळ लागतो, मध्येच रेघ भरकटते. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ लावलं.

अठ्ठावीस सेकंद.

जन्मभर पानांचे क्रमांक जुळवलेल्या बाईला ते काय अवघड. त्यांनी पेन्सिल ठेवली आणि कागद उजेडाकडे धरून सांगितलं की ही प्रत तिरकी निघाली आहे, बावीस आणि तेवीस एकमेकांना चिकटलेत, मूळ कागद सरळ ठेवून पुन्हा प्रती काढा. डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवला.

“खळ कुठली खाता?”

“मैद्याची. मोरचूद न घातलेली, मी वेगळी शिजवते. मी वेडी नाही हो.”

“नाहीच आहात. कधीपासून?”

“वर्ष झालं. सव्वा असेल.”

“डॉक्टरांना सांगितलं नाहीत?”

“त्यांनी कधी विचारलं नाही. आणि मी काय सांगणार होते?”

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की शरीरातलं लोह संपलं की काही जणांना अशी ओढ लागते. कुणी बर्फ चघळतं, कुणी माती, कुणी कच्चे तांदूळ, कुणी कागद. का होतं ते नक्की कुणाला ठाऊक नाही, पण होतं.

“कागद मी कधी खाल्ला नाही,” बाई जराशा दुखावून म्हणाल्या.

ट्रकवाल्यांनी फाइल उघडली. त्यांचं म्हणणं, लोह तर भरपूर आहे, हा पाहा रिपोर्ट, मोठ्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय. डॉक्टरीणबाईंनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग जे सांगितलं ते बाईंनी मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की मलाही पाठ झालंय. आपण रक्तात जे मोजतो ते लोह नव्हे, लोह साठवणारं एक द्रव्य. निरोगी माणसात साठा कमी झाला की तेही कमी होतं, तेव्हा त्याच्यावरून अंदाज बरोबर येतो. पण लिव्हर दुखावलेलं असलं, अंगात कुठे दाह असला, की साठा रिकामा असतानाही ते द्रव्य वाढतं. शिवाय लोह वाहून नेणारं दुसरं द्रव्य लिव्हरच बनवतं. लिव्हर थकलं की ते कमी बनतं, आणि मग दुसऱ्या तपासणीचा हिशेबही चुकतो. रक्तपेशींचं तसंच. लोह कमी पडलं की त्या लहान होतात, लिव्हरच्या दुखण्यात मोठ्या होतात. बाईंच्या अंगात दोन्ही चालू, म्हणून सरासरी आकार अगदी नेमका, पुस्तकात लिहिल्यासारखा.

“म्हणजे रिपोर्ट खोटा?” ट्रकवाल्यांनी विचारलं.

“खोटा नाही. पण त्यापुढे जे ‘सामान्य’ छापलंय ते निरोगी माणसांसाठी छापलंय. यांच्यासाठी नाही.”

बाईंना एकदम खूप दमल्यासारखं झालं, असं त्या सांगतात. दोन वर्षं ज्याला त्या आपलंच म्हातारपण समजत होत्या ते कदाचित वेगळंच काही होतं, यात आनंद व्हायला हवा होता. पण पहिल्यांदा आठवले ते कापलेले केस.

त्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं. साठ्याचा आकडा आता शहाण्णव, वाहतुकीचा चौदा टक्के. संशयाला जागा होती, खात्रीला नव्हती. डॉक्टरीणबाईंनी गोड औषध पुन्हा पूर्वीइतकं केलं आणि बाईंना खळ बंद करा असंही सांगितलं नाही. म्हणाल्या, “सुटेल तेव्हा आपोआप सुटेल.” बाईंना त्या दिवसातलं हे एकच वाक्य औषधासारखं लागलं.

मोठे डॉक्टर रजेवरून परतल्यावर दोघा डॉक्टरांचं बोलणं झालं. बाई आणि ट्रकवाले समोरच बसले होते. मोठे डॉक्टर लगेच मान डोलवणारे नव्हते, आणि त्यांचंही बरोबर होतं. लोह कमी नसताना शिरेतून लोह दिलं तर आधीच व्रणांनी भरलेल्या लिव्हरवर ते गंजासारखं साचणार. अंदाजाने द्यायला ते तयार नव्हते. शेवटी ठरलं की ज्या तपासणीत अंदाज नसतो तीच करायची. हाडातली मज्जा काढून पाहायची. लोहाचा खरा साठा तिथे असतो. विशिष्ट रंग टाकला की लोह निळं दिसतं. निळं दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही.

ट्रकवाले दुसरी काही तपासणी नाही का, असं विचारू लागले. बाईंनी मात्र विचारलं की कधी करायचं. त्यांना आता कुणाच्या अंदाजावर जगायचा कंटाळा आला होता.

कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढली. कुशीवर झोपवलं, जागा बधिर केली, तरी सुई आत गेल्यावर आतून कुणीतरी ओढून नेतंय असं वाटलं. रक्त लवकर थांबत नसल्याने नंतर अर्धा तास नर्सने तिथे हात दाबून धरला. बाई तिला म्हणाल्या की जन्मभर हाडाच्या पट्टीने कागद दाबला, आज माझ्या हाडाची पाळी. नर्सला विनोद कळला नाही. तो समजावून सांगायचं त्राण बाईंना नव्हतं.

चार दिवसांनी निकाल आला. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बाकावर न थांबवता आत बोलावलं. काचेवर निळा ठिपका कुठेच नव्हता. एकही नाही. साठा पुरता रिकामा होता आणि बऱ्याच काळापासून असावा.

डॉक्टरांनी फाइलचं जुनं पान उघडलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात ‘थकवा, लिव्हरमुळे’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी त्यावर रेघ मारली नाही; खाली नवी ओळ लिहिली, तारीख घातली आणि सही केली. मग बाईंकडे पाहून म्हणाले, “मी आकडा वाचला. तुम्हाला काय होतंय ते नीट विचारायला हवं होतं.”

बाई म्हणाल्या, “तुमच्या दारात सत्तर माणसं असतात.”

“ते खरं आहे,” ते म्हणाले, “पण ते कारण झालं. उत्तर नव्हे.”

मग लोह जातं कुठे, हे शोधायचं होतं. नळी घालून पोट पाहिलं. लिव्हरमधून वाट न मिळालेलं रक्त मागे तुंबून पोटाचं अस्तर सुजलं होतं आणि तिथून थेंबाथेंबाने झिरपत होतं. इतकं हळू की डोळ्यांना कधी दिसलंच नाही. झिरप कमी व्हावी म्हणून एक गोळी सुरू झाली. आणि आठवड्याच्या अंतराने दोनदा, शिरेतून, कोऱ्या चहासारखं काळपट दिसणारं लोह. ट्रकवाले बाटलीकडे एकटक बघत बसले, जणू पेट्रोलपंपावरचा काटा. बाई तेवढ्या वेळात सगळा वॉर्ड मोजून बसल्या. चौदा खाटा, त्यांतल्या नऊंवर बायका, त्यांपैकी सात माझ्यासारख्या पांढऱ्या, असं त्यांनी मला सांगितलं. त्या सातांना कुणी काय खाता म्हणून विचारलं असेल का, हेही त्यांनी बोलून दाखवलं.

खळीची ओढ कधी गेली ते त्यांना आठवत नाही. पहिल्या बाटलीनंतर दहा-बारा दिवसांनी ट्रकवाल्यांनी भीत भीत विचारलं की डबा भरून देऊ का. ते स्वतःच बाईंना पापुद्रे वाळवून देऊ लागले होते, लपवाछपवी नको म्हणून. बाईंनी एक पापुद्रा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. मैदा तो, दुसरं काय लागणार.

हिमोग्लोबिन दीड महिन्यात सव्वादहा झालं. आता इथे गोष्ट गोड करून सांगायचा मोह होतो, पण तसं झालं नाही. थकवा अर्धा गेला. धाप गेली, भोवळ गेली, हात वर राहू लागले. जो उरला तो खरंच लिव्हरचा होता आणि तो जाणार नव्हता. मुलगी फोनवर म्हणाली की आई, आता तू ठणठणीत होणार. बाईंनी तिला समजावलं की बाळा, दोन भाडेकरू होते, एकाला घालवलं, दुसऱ्याचा करार पक्का आहे. मुलीच्या मनातून एक गोष्ट कधीच जात नव्हती, की आपल्या जन्माच्या वेळी हे सगळं सुरू झालं. त्या दिवशी तिने ते पहिल्यांदा बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, “त्या तीन बाटल्या नसत्या तर तुला हे बोलायला फोनवर पलीकडे कोण असतं?” आणि जेवण झालं का, म्हणून विषय बदलला.

पोटातली झिरप पूर्ण थांबली नाही. दर चार-पाच महिन्यांनी रक्त तपासायचं, आकडा आणि बाई दोघांनाही विचारायचं, आणि लागलं तर पुन्हा बाटली. मोठे डॉक्टर आता प्रत्येक वेळी आधी बाईंना विचारतात, मग फाइल उघडतात. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे बाकीच्यांनाही विचारतात, त्यामुळे बाकावरचे सत्तर जण जास्त वेळ ताटकळतात आणि शिव्या घालतात.

मालकांनी त्यांना अर्धा दिवस यायला सांगितलं. बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. दुपारी दोनपर्यंत घडी घालतात, तासाला दोनशे, त्याहून जास्त नाही. दोन वाजता पट्टी पुसून ठेवतात आणि घरी जातात. टाचणवालीने एकदा विचारलं की एवढ्या लवकर घरी जाऊन करता काय. बाई म्हणाल्या, झोपते.

“थकायचात तेव्हाही तर घरी जाऊन झोपायचातच की,” टाचणवाली म्हणाली.

“तेव्हा पडायचे,” बाई म्हणाल्या. “आता झोप येते म्हणून झोपते. त्यात फरक असतो, बाई. तुला नाही कळायचा, आणि कळू नये.”